शाळेतील भोजन : देणगी नव्हे, हक्क

दुपारच्या सुट्टीत मुलांच्या ताटात पडणारी खिचडी ही सरकारी योजना होय, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते. परंतु ती मुलांचा हक्क कशी ठरली आणि त्यात एका बिनसरकारी संघटनेचा वाटा कोणता, हे क्वचितच विचारले जाते.

केंद्र सरकारने ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. शिजविलेले अन्न द्यावे हा तिचा हेतू. तथापि तामिळनाडूसारखी राज्ये वगळता बहुतेक ठिकाणी दरमहा ३ किलो कोरडे धान्यच वाटले जाई. ते घरी सर्वांत वाटून संपे, हे स्वाभाविकच होते. वर्गातील मूल मात्र उपाशीच बसे.

२००१ साली राजस्थानात दुष्काळ असताना सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. या विसंगतीवर बोट ठेवून ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. (जयप्रकाश नारायण यांनी १९७६ मध्ये स्थापिलेल्या संस्थेतून ही संघटना उदयास आली.) संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने जीविताचा हक्क दिला आहे, अन्नावाचून जीवित कसले, असा तिचा साधा युक्तिवाद होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांकांचे व ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचे शिजविलेले अन्न मिळावे.

आदेश निघाला म्हणजे चूल पेटली, असे होत नाही. अनेक राज्यांनी मुदत उलटू दिली. तेव्हा ९ एप्रिल २००२ रोजी ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी मुलांना उघड्यावर बसवून जेवू घातले व सरकारांस लाजविले. पुढे २० एप्रिल २००४ च्या आदेशाने स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींस प्राधान्य देण्यास सांगितले. काही गावांत पालकांनी यास विरोध केला. पोटाचा प्रश्न आणि पंगतीचा प्रश्न किती जवळचे आहेत, ते यावरून दिसते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हा हक्क कायद्यात आला. २०१५ च्या नियमांप्रमाणे धान्य, इंधन वा स्वयंपाकी यांच्या अभावी भोजन न झाल्यास मुलास पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. यास्तव ज्या दिवशी चूल पेटली नाही तो दिवस, कारणासह, शाळेच्या नोंदवहीत लिहिला जाणे अगत्याचे असते.