पिस्तूल : भरवसा कशाचा?



बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो, चाल पाहतो. पण औताला जुंपून पाहिल्यावाचून त्याच्यावर भरवसा टाकत नाही. शिपायाच्या कमरेच्या पिस्तुलाचेही तसेच आहे. वर्षानुवर्षे ते चामडी पिशवीतच राहते. ज्या एका क्षणी ते लागते, त्या क्षणी त्याने दगा दिला तर शिपायाचा जीव जायचा; आणि नको तेव्हा उडाले तर दुसऱ्या कुणाचा! म्हणून कोणते पिस्तूल चांगले, हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला आहे.

आधी रचना पाहू या. रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा सहा काडतुसांचे फिरते चक्र असते. एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढावा. पुढचे काडतूस समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाची तऱ्हा निराळी. त्याच्या मुठीत मॅगझीन म्हणजे काडतुसांची पेटी बसते. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि परत येताना नवे काडतूस नळीत सारते. मात्र दर गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो, म्हणून ते 'अर्ध'स्वयंचलित. यात गोळ्या अधिक मावतात, भरणेही झटपट होते; पण हलणारे भाग जास्त, तशा अडकण्याच्या जागाही जास्त. वादाचे मूळ इथेच आहे.

मार्च १९११ मध्ये अमेरिकन लष्कराने दोन पिस्तुले कसोटीला लावली. एक जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले कोल्ट कंपनीचे, दुसरे सॅव्हेज कंपनीचे. प्रत्येकातून ६००० गोळ्या झाडल्या. सॅव्हेज अनेकदा अडले; कोल्ट एकदाही अडले नाही. त्याच महिन्यात कोल्ट स्वीकारले गेले आणि १९८५ पर्यंत तेच त्या लष्कराचे नेमून दिलेले पिस्तूल होते.

१९८५ मध्ये त्याची जागा १५ गोळ्यांच्या बेरेटाने घेतली. याचीही परीक्षा झालीच होती. तरी पुढे काही पिस्तुलांच्या स्लाइड तुटल्या आणि तुकडा उडून काही सैनिकांच्या तोंडाला जखमा झाल्या. दोष धातूचा, की जादा दाबाच्या काडतुसांचा? यावर जाणकार भांडत राहिले. शेवटी स्लाइड तुटलीच तरी ती मागे उडू नये, अशी सुधारणा केली. २००३ नंतर इराकमध्ये पुन्हा तक्रार आली, की पिस्तूल अडते. तपास करता दोष बराचसा मॅगझीनचा निघाला! त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर वाळू धरून बसत होती. गुळगुळीत लेपाची मॅगझीने आली आणि वाळूचा त्रास कमी झाला. पिस्तूल तेच, बरं का.

आता पोलिसांकडे वळू. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलाची वाट धरली. त्यांनी घेतलेल्या पिस्तुलांत ग्लॉक हे एक. ऑस्ट्रियाच्या लष्कराने ते १९८२ मध्ये निवडले होते. त्याला बोटाने सरकवायचा निराळा सुरक्षा-खटका नाही. काही म्हणतात, हेच बरे. घाईगर्दीत खटका सोडायचा विसर पडत नाही. दुसरे म्हणतात, घाबरलेले बोट नकळत चापावर पडले तर? म्हणून न्यूयॉर्कने चाप मुद्दाम जड करून घेतला. पण चाप जड झाला की हात हलतो, नेम चुकतो आणि गोळी रस्त्यावरच्या भलत्यालाच लागायची भीती. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसते, असा हा प्रकार.

मग भरवसा ठेवावा तो कशावर? नुसत्या नावावर तर नाहीच. काडतूस, मॅगझीन, साफसफाई आणि धरणाऱ्या हाताचा सराव, या साऱ्यांचा मेळ बसला तरच हत्यार भरवशाचे. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना हे अवश्य सांगावे. कारण पंपापासून एसटीच्या ब्रेकपर्यंत प्रत्येक यंत्राला तोच नियम लागू आहे. औताला जुंपून पारखलेला बैलसुद्धा वैरण-पाण्यावाचून नांगर ओढीत नाही.