पक्षाघातात आधी सीटी स्कॅन कशासाठी?

घरातील वडीलधाऱ्यांचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबली की फुटली, हे नुसते रुग्णाकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये ताजा रक्तस्राव पांढरा उमटतो. एमआरआय अधिक बारकाईची खरी, पण तिला वेळ लागतो. गुठळीचा परिणाम मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढे ऐकून रुग्णाला घरी आणू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत, अशाच रुग्णांना देता येते. घरी ॲस्पिरिन देऊ नये; रक्तस्राव असल्यास तो वाढू शकतो. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी.