इरईकाठचा परकोट

चंद्रपूरच्या पठाणपुरा दरवाजातून बाहेर पडलं की इरई आणि झरपट यांचा संगम लांब नाही. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि मधल्या बेचक्यात जुनं शहर. ही जागा ज्यांनी निवडली त्यांना लढाई कळत होती. दोन बाजूंचा खंदक नद्यांनीच खोदून ठेवला होता. उरलं ते दगडाने पुरं करायचं.

सशाने कुत्र्याचा पाठलाग केला, ते जिथून धावले तिथून तट आखला, अशी दंतकथा इथे सांगतात. परकोटाचा पाया गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने घातला आणि काम पुढच्या पिढ्यांनी तडीस नेलं. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर या पाच खिडक्या. दरवाजाजवळ थांबून वर पाहा. हत्तीवर मात करणारा सिंह दगडात कोरलेला आहे. गोंडांचं हे राजचिन्ह. त्या काळी दरवाजा फोडायला हत्ती आणत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे त्यांना रोखायलाच आहेत. हत्ती हाच त्या वेळचा रणगाडा.

नदीलाच खंदक करण्याचा विचार 1940मध्ये फ्रान्स पडल्यावर इंग्लंडनेही केला. जर्मन रणगाडे उतरलेच तर त्यांना अडवायला थेम्स, केनेट या नद्यांच्या आणि कालव्यांच्या काठाने काँक्रीटचे ठोकळे मांडले, मारा करायला छोटी ठाणी बांधली. शत्रूला पाण्यापाशी खोळंबवायचं आणि तेवढ्यात टिपायचं. हल्ला झालाच नाही. त्यातली बरीच ठाणी आजही नदीकाठी उभी आहेत, काहींना कायद्याचं संरक्षणही आहे.

चांद्यावर, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूरवर मात्र हल्ला झाला. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचा पक्ष खचला होता, तरी चांदा झुंजत होता. मे 1818मध्ये कर्नल अ‍ॅडम्सच्या इंग्रज फौजेने वेढा घातला, तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि 20 मेला शहर घेतलं. किल्लेदार गंगासिंगाचा त्यातच अंत झाला. हत्तीला पुरून उरणारी भिंत तोफेपुढे टिकली नाही.

पाण्यापुढे ती अजून टिकून आहे, आणि मला तिचं मोठेपण इथेच वाटतं. इरई फुगली की काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. जुलै 2022मध्ये रहमतनगरात घरं पाण्याखाली गेली. जुन्या शहराला मात्र पुराच्या अंगाने हा दगडी बांध आहे. अशा भिंतीला टेकून कचरा टाकणं, तिच्या दगडांत झाडं माजू देणं हा शहराने स्वतःशी केलेला द्रोह आहे. 1 मार्च 2017पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्यासोबत तट साफ करायला घेतला. झुडपं तोडली, मातीचे ढीग उपसले, बुरूज मोकळे केले. त्याच ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला.

परकोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, पण रोज त्याच्या सावलीत राहतात ते चंद्रपूरकर. ताडोब्याला येणाऱ्यांनी एक सकाळ या तटासाठी राखावी, आणि चंद्रपूरकरांनी निदान आपल्या घरामागच्या तटावर पिंपळ-वडाचं रोप दिसलं तर पुरातत्त्व खात्याला कळवावं. मूळ आत शिरलं की चिरा निसटतो.