घरचें भांडवल आणि मुलाचा धंदा

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील वालूर हें गांव तेथील चक्राकार पायऱ्यांच्या जुन्या बारवेमुळें आतां दूरवर माहीत झालें आहे. परंतु आज आम्हांस बारवेविषयीं लिहावयाचें नाहीं; अशा गांवांतील ओसरीवर हल्लीं जो प्रश्न वरचेवर निघतो, त्याविषयीं लिहावयाचें आहे. शेतांत तूर पिकते. ती पोत्यांत भरून बाजारांत जाते आणि तिचीच डाळ चढ्या दरानें दुकानांतून घरीं परत येते. पदवी घेतलेला मुलगा नोकरीची वाट पाहत बसलेला असतो. एके दिवशीं तो म्हणतो, "गांवांतच डाळीची लहान गिरणी घालूं या." वडील विचारतात, "भांडवल किती लागेल?" काका विचारतात, "आणि बुडालें तर?" दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न कोणीच विचारीत नाहीं. तो असा कीं, हें भांडवल कोणाचें, आणि धंदा चालला तर तो कोणाचा?

"घरच्या माणसांत कसला हिशेब?" असें म्हणण्यांत आपणांस मोठेपणा वाटतो. परंतु अनुभव असा कीं, नुकसान झाल्यास घरांतील सारे हळहळतात आणि विसरतात. नफा दिसूं लागला म्हणजेच वाटणीची आठवण होते.

या बाबतींत कायदा थोडा ठाऊक असावा. १९३० सालच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, शिक्षणाचा खर्च एकत्र कुटुंबानें केला असला तरी त्या विद्येच्या बळावर केलेली कमाई शिकणाराची स्वतःची होय. धंद्याची गोष्ट निराळी. सामाईक पैशांतून उभारलेला धंदा सामाईक ठरूं शकतो. शिवाय वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. म्हणून असा विचार करावयास बसतांना सासरीं गेलेल्या बहिणीसही बोलवावें.

कुटुंबाच्या आधारावर धंदे उभे राहतात, याचे दाखले आपल्याकडे कमी नाहींत. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधु रामुअण्णा यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणराव मुंबईस शिक्षकाची नोकरी करीत आणि रामुअण्णा दुकान सांभाळीत. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें आलीं, मग लोखंडी नांगर आला. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें तो सहजासहजीं खपेना. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० सालीं, म्हणजे दुकानानंतर बावीस वर्षांनीं. एक भाऊ नोकरींत आणि एक दुकानांत, ही व्यवस्था आजही अनुकरणीय आहे. १९३१ सालीं दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं आपल्या बंधूंसह मुंबईस शाईची पूड व वड्या करण्याचा उद्योग आरंभिला. पुढील कॅम्लिन ती हीच.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. पहिली गोष्ट, रक्कम हातीं देतांनाच ती कर्ज, भागभांडवल कीं देणगी, हें कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. दुसरी, धंद्याचें बँकेंतील खातें व वही निराळी ठेवावी. घरची भाजी गल्ल्यांतील पैशानें आणूं नये आणि गिरणीचा पट्टा घरखर्चांतून बसवूं नये. चालविणारानें स्वतःस ठराविक पगार घ्यावा, मग तो अल्प कां असेना.

तिसरी गोष्ट घरांतील स्त्रियांची. डाळ निवडणें, वाळविणें, पुड्या बांधणें हीं कामें सुना करतात आणि वहींत त्यांचें नांवही नसतें. १९५९ च्या मार्चमध्यें गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच आजचा लिज्जत. तेथें लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण मानली जाते. घरच्या धंद्यांत निदान मजुरी तरी लिहिली जावी.

चौथी गोष्ट, किती रक्कम आणि किती महिने, ही मर्यादा आधींच ठरवावी; कसती जमीन व घरांतील दागिने यांस हात लावूं नये. पांचवी, यंत्र घेण्यापूर्वीं दोन-चार पोतीं तूर दुसऱ्याच्या गिरणींत भरडून घ्यावी, डाळ स्वतः विकून पाहावी, आणि तीच गिऱ्हाइकें पुन्हा येतात कीं नाहीं हें बघावें. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथील जाणत्यांचा सल्ला घ्यावा. उद्यम नोंदणी विनामूल्य होते, त्यासाठीं मध्यस्थास पैसे मोजण्याचें कारण नाहीं. मात्र खाण्याचा जिन्नस असल्यानें अन्नसुरक्षेची नोंदणी निराळी करावी लागते. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत 'शिशु' या वर्गांत ५०,००० रुपयांपर्यंतचें कर्ज तारणावांचून मिळूं शकतें. बँकेचें हप्त्याचें कर्ज कित्येकदां घरच्या बिनहिशेबी मदतीहून बरें. त्यांत रुसवे नसतात.

दिवाळींत परगांवचीं मंडळी घरीं येतात आणि लक्ष्मीपूजनास वहीची पूजा होते. यंदा त्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर, हळदकुंकू वाहण्यापूर्वीं, हा ठराव सर्वांनीं मिळून लिहावा. आणि मग मुलास गिरणीचा मुहूर्त खुशाल पाहूं द्यावा.