मागची ट्रॉली शेपूट का मारते?

माझी पीएचडी कशात चाललीय असं गावाकडे कुणी विचारलं की पूर्वी मी "वाहन गतिकी" म्हणायचे. समोरचा मान हलवायचा आणि विषय माझ्या लग्नावर यायचा. आता मी सांगते, "उसाची मागची ट्रॉली शेपूट का मारते, त्यात." मग लोक बसायला जागा करून देतात.

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. येडगाव, माणिकडोह, डिंभे अशा धरणांच्या पाण्यावर इथे ऊस वाढला. निवृत्तीनगरला विघ्नहर आणि पारगावला भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर जिथे बघाल तिथे एक ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या. त्यांच्यामागून मोटारसायकलवर गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलंय: ट्रॅक्टर सरळ चाललाय, पहिली ट्रॉली जरा हलतेय आणि दुसरी अर्धा रस्ता झाडतेय.

मी सहावीत असताना आमच्या अण्णांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, ट्रॅक्टरवर मडगार्डवर बसून जात होते. (बसू नये. तेव्हा सगळेच बसायचे.) उतार लागला, अण्णांनी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. मागची ट्रॉली हलायला लागली. अण्णांनी स्टेअरिंग इकडून तिकडे करून ती सावरायला बघितली, मग ब्रेक दाबला. दुसरी ट्रॉली आडवी झाली. समोरून येणारा मोटारसायकलवाला ऊस चुकवायला खड्ड्यात गेला. तो वाचला, पण पायात आजही गज आहे. गावात सगळे म्हणाले, "ऊस जास्त भरला होता." पण अण्णा मला बऱ्याच वर्षांनी म्हणाले, "तेवढाच ऊस मी रोज भरायचो. मग त्या दिवशीच काय झालं? माझं नेमकं चुकलं काय?"

हा लेख म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर.

वेग वाढला की आवर कमी होतो

ट्रॉली म्हणजे आडवा ठेवलेला झोका समजा. पिन ही झोक्याची कडी. खड्डा, वारा, शेजारून गेलेली एसटी, कशानेही धक्का बसला की ट्रॉलीचं मागचं टोक बाजूला जातं, मग परत येतं, मग पलीकडे जातं. हे हेलकावे थांबवतं कोण? टायर.

टायर जरा तिरका घासत चालला की तो जमिनीला धरून आडवा जोर लावतो. जितका तिरका, तितका जोर जास्त (एका मर्यादेपर्यंत). आता गंमत बघा. ट्रॉलीचं शेपूट सेकंदाला अर्धा मीटर वेगाने बाजूला सरकतंय. गाडी ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर पुढे चाललीय. या सरकण्यामुळे टायर साधारण ६ अंशांनी तिरका पडतो. तीच गाडी ताशी ३६ ने चालली तर तिरकेपणा उरतो जेमतेम ३ अंश. शेपटाचं सरकणं तेवढंच, पण त्याला आवरणारा जोर निम्मा!

म्हणजे हेलकावा आवरण्याची ताकद वेगाच्या उलट प्रमाणात कमी होत जाते. वर एक भानगड अशी की झोक्याची कडी पक्क्या तुळईला असते, पिन मात्र ट्रॅक्टरच्या मागे असते आणि ट्रॅक्टरही जागचा हलतो. ट्रॉली त्याला ढकलते, तो हलतो, त्याच्या हलण्याने ट्रॉलीला पुढचा धक्का मिळतो. ठरावीक वेगापुढे हे हेलकावे विरण्याऐवजी वाढत जातात. या वेगाला आम्ही क्रांतिक वेग म्हणतो. ओढणारं वाहन जितकं हलकं आणि ओढलं जाणारं जितकं जड, तितका हा वेग खाली येतो. आपल्याकडे दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर मागे वीस टन ऊस ओढत असतो.

गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर ताशी तीसच्या आसपासच पळतो, म्हणून बहुतेक दिवस निभावतं. न्यूट्रलमध्ये उतारावर ही वेसण सुटते. अण्णांचा त्या दिवशीचा ऊस रोजच्याइतकाच होता, वेग मात्र नव्हता.

वजन किती, त्याआधी वजन कुठे

आमच्या प्रयोगशाळेत ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालणारी छोटी गाडी आहे, मागे दोन चाकांचा ट्रेलर. ट्रेलरवर लोखंडी वजन पुढेमागे सरकवता येतं. वजन चाकाच्या पुढे ठेवून टिचकी मारली की ट्रेलर दोन-तीनदा हलून सरळ होतो. तेच वजन चाकाच्या मागे नेलं की त्याच वेगाला टिचकीनंतर हेलकावे वाढत जातात आणि शेवटी गाडीसकट सगळं पट्ट्याबाहेर. वजन तेच, वेग तोच, फक्त जागा बदलली.

आजोबांना मी याचा व्हिडिओ दाखवला तर ते म्हणाले, "गाडी उलाळ झाली की." बैलगाडी भरताना मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, गाडी उलाळते; पुढे फार झालं तर बैलांची मान दबते. म्हणून जुवावर थोडंसं ओझं येईल असं भरायचं. परदेशात मोटारीमागे बंद बॉडीचा मोठा ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांना जो नियम शिकवतात, तो जवळजवळ हाच आहे. अमेरिकेत दोन चाकी ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर यावा असं सांगतात. बंद बॉडीच्या उंच, सपाट बाजूवर वारा थेट आदळतो, म्हणून तिथे हुकात घर्षणाची पट्टी बसवतात, किंवा हेलकावा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. पण ही साधनं चुकीच्या भरणीवर उतारा नाहीत. आधी वजन पुढे, मग साधनं.

आपली चार चाकी ट्रॉली जरा वेगळी. तिची दांडी वरखाली हलते, त्यामुळे हुकावर फारसा भार येत नाही. पण पुढचा आस टर्नटेबलवर फिरतो आणि वरचा सांगाडा त्यामागे ओढला जातो, म्हणून इथेही मागे जड भरलं की तेच होतं. शिवाय पुढची चाकं हलकी पडून रस्ता धरत नाहीत. मी पाहिलंय, भरताना शेवटच्या मोळ्या जिथून चढायला सोपं तिथेच पडतात, आणि ते बऱ्याचदा मागचं टोक असतं.

दोन ट्रॉल्या असल्या की आणखी एक गोष्ट होते. पहिलीचा हेलकावा दुसरी वाढवून दाखवते. लांब मालगाड्यांबद्दल यावर मिशिगन विद्यापीठात बरंच काम झालंय: पुढच्या वाहनाने घेतलेला छोटासा आडवा झटका शेवटच्या ट्रेलरला त्याहून मोठा होऊन मिळतो, आणि वेगाबरोबर ही वाढ आणखी वाढते. ड्रायव्हरला ते जाणवत नाही, कारण त्याच्या सीटखाली सगळं शांत असतं.

मग करायचं काय?

"कमी भरा" हे सांगायला सोपं आहे. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, हप्ते ट्रॅक्टरचे असतात. मर्यादेबाहेर भरू नये हे खरंच, पण खालच्या गोष्टींना एक टनही कमी करावा लागत नाही:

१. जड माल मध्यापासून जरा पुढे. मागच्या टोकाला उंच ढीग नको.

२. एक ट्रॉली जड आणि एक हलकी असेल तर जड पुढे, हलकी मागे.

३. पिन आणि भोक झिजलं असेल तर बदला. त्या फटीत ट्रॉली फुकट हलते आणि प्रत्येक वेळी ट्रॅक्टरला ठोसा देते.

४. टायरमध्ये हवा पुरेशी आणि दोन्ही बाजूंना सारखी. मऊ टायर आडवा जोर उशिरा आणि कमी लावतो.

५. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही.

६. रस्त्यावर येताना ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडलं एकमेकांत अडकवा. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर स्वतःच वळतो.

आणि हेलकावा सुरू झालाच तर? स्टेअरिंग सरळ धरून ठेवायचं, रेस सोडायची, इंजिनाला वेग कमी करू द्यायचा. हेलकाव्यामागे स्टेअरिंग फिरवलं तर आपला हात नेहमी थोडा उशिरा पोचतो आणि झोक्याला आणखी एक धक्का देतो. ट्रॅक्टरचे ब्रेक जोरात दाबले तर स्वतःचे ब्रेक नसलेली ट्रॉली मागून रेटते आणि घडी होते. ट्रॉलीला ब्रेक असतील तर ते हळू लावावेत. मागून ओढ बसली की सगळी रांग ताणून सरळ होते.

हे सगळं मी अण्णांना अंगणात काडीने रेघा मारून सांगितलं. न्यूट्रल, स्टेअरिंग, ब्रेक, तिन्ही त्यांनी बोटांवर मोजलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?"

परवा घरी गेले तर आमच्या फडात ट्रॉली भरत होती. अण्णा आता ट्रॅक्टर चालवत नाहीत, गुडघे दुखतात. बांधावर उभे राहून भरणाऱ्यांना ओरडत होते, "पुढं टाका रं, पुढं! मागं उलाळ करू नका!" ट्रॉली निघण्याआधी त्यांनी वाकून पिन हलवून बघितली.