ओट्याच्या आधी ऊन आणि वारा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, सणसरला मुक्काम होतो, बेलवाडीत गोल रिंगण होतं आणि लासुर्ण्यावरून अंथुर्णे, निमगाव केतकी करत ती इंदापूरला पोचते. पालखीच्या दिवशी या रस्त्यालगतच्या घरांचा स्वयंपाक घरात मावत नाही. दिंडीला जेवू घालायचं म्हटलं की आतल्या चार शेगड्यांचा काही उपयोग नसतो. अंगणात तीन दगड मांडले जातात, त्यावर मोठं पातेलं चढतं, ओसरीवर बायका ओळीनं भाकऱ्या थापायला बसतात आणि धुणं-भांडी परसातल्या हौदावर. बाहेरची जागा नीट केलेली आहे की नुसती सोडून दिलेली आहे, हे त्या दिवशी कळतं.

एरवीही लासुर्ण्यात स्वयंपाकघर दोन जागी चालतं. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, पुढे ऊस आला, भवानीनगरचा छत्रपती कारखाना आला, घरं बदलली. आज नव्या बंगल्यात ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, चिमणी असतेच. पण मागच्या दाराशी, पत्र्याखाली, एक चूलही असते. अंघोळीचं पाणी, बाजरीची भाकरी, मटण, पुरणाची डाळ आणि मोठ्या माणसांच्या गप्पा तिच्याकडेच असतात. नकाशात मात्र ती कुठेच नसते. बांधकाम संपल्यावर उरलेले चार पत्रे आणि दोन अँगल जिथे बसतील तिथे ती उभी राहते. आतल्या ट्रॉल्यांचा रंग ठरवायला लोक पुण्याला दोन-दोन हेलपाटे घालतात आणि चूल कुठे मांडायची हे गवंड्यावर सोडतात. माझ्या मते हिशेब उलटा झाला आहे. म्हणून बाहेरून सुरुवात करू.

पहिला प्रश्न वाऱ्याचा. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत इथे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून जोरात वाहतो. चूल घराच्या पश्चिमेला मांडली तर सगळा धूर खिडक्यांतून घरात शिरतो आणि पावसाचे सपकारेही तिच्यावर येतात. पूर्वेला किंवा आग्नेयेला मांडली तर घराची भिंतच आडोसा होते. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, दुपारनंतर घराची सावली पडते. जुनी माणसं स्वयंपाक आग्नेयेला सांगत. त्यामागे वास्तुशास्त्र असो वा नसो, या भागातल्या वाऱ्या-उन्हाशी ती जागा जुळते, एवढं खरं.

आता चूल स्वतः. साध्या मातीच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेच्या शंभरातले जेमतेम दहा-बारा भाग भांड्याला लागतात, बाकीची उष्णता इकडे-तिकडे जाते. ती कुठून जाते हे एकदा चुलीसमोर बसून पाहण्यासारखं आहे. तोंड रुंद असेल तर लाकूड भसाभस जळतं आणि ज्वाळा पुढून बाहेर येते. भांडं टेकायला चुलीवर जे तीन उंचवटे असतात ते फार उंच असतील तर ज्वाळा बुडाला लागण्याआधीच बाजूनं निसटते. फार बुटके असतील तर हवेला वाट राहत नाही, चूल कोंडते आणि धुमसते. भांडं आणि चुलीची कड यांत साधारण बोटभर फट, हे प्रमाण बरं. तळाशी लोखंडी जाळी बसवून खालून हवा दिली की निखारे नीट पेटतात, राख आपोआप खाली पडते आणि फुंकणी हातात घ्यायची वेळ कमी येते. मागे वैल काढला तर जाताजाता तीच उष्णता दुधाला किंवा डाळीला मिळते.

धुराडं लावायचं असेल तर त्याचं काम समजून घ्यावं. आतली हवा तापून हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा ओढली जाते. नळी जितकी उंच आणि सरळ, तितकी ओढ जास्त. दोन ठिकाणी कोपर टाकून पत्र्याच्या खालीच सोडलेली नळी हे धुराडं नव्हे, शोभा आहे. छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा निदान दोन फूट वर ती गेली पाहिजे, नाहीतर छपरावरून उतरणारा वारा धूर परत खाली ढकलतो. डोक्यावर टोपी हवी आणि महिन्यातून एकदा आतली काजळी काढायला हवी. १९८० च्या दशकात सरकारनं निर्धूर चुलींचा देशव्यापी कार्यक्रम काढला, २००२ पर्यंत तो चालला. गावोगावी त्या चुली बसल्या आणि पुष्कळशा मोडल्याही. चूल बसवून मिळत होती, पण धुराडं साफ करायची सवय तिच्याबरोबर येत नव्हती.

जळणाच्या बाबतीत लासुर्ण्याची स्थिती गमतीची आहे. वेडी बाभूळ आहे, तुरीच्या काड्या आहेत, मक्याची बुरकुंडं आहेत, गोठा असेल तर गोवऱ्या आहेत. आणि उसाचं पाचट तर ढिगानं. पण पाचट चुलीला नालायक. भपकन पेटतं, क्षणात विझतं, माणसाला चुलीपासून उठू देत नाही. म्हणून ते शेतात पेटवून दिलं जाई, अजूनही काही जण देतात. नीरेपलीकडे फलटणला आणि पुण्यात काम करणाऱ्या ‘आरती’ या संस्थेनं यावर एक उपाय काढला. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या या संस्थेनं पाचट बंद पिंपात हवेवाचून भाजून त्याचा कोळसा केला, त्या भुकटीत चिकटवणारी खळ मिसळून कांड्या पाडल्या. या कामाला २००२ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कांड्यांसाठी त्यांनी ‘सराई’ नावाचा कुकर केला. खाली छोटी शेगडी, वर एकावर एक भांडी, भोवती झाकण. साधारण शंभर ग्रॅम कांड्यांत वरण, भात, भाजी वाफेवर शिजते आणि त्या वेळात बाई गोठ्यातली कामं उरकू शकते. पाचट शेतात कुजवणं जमिनीला अधिक चांगलं, यात शंका नाही. पण जिथे ते पेटवलंच जाणार आहे, तिथे त्याचा कोळसा करणं शहाणपणाचं.

गोठा असेल तर मात्र मी गोबरगॅसकडे आधी पाहीन. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा संच तयार केला, १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचा ‘दीनबंधू’ आला. आता प्लास्टिकच्या तयार पिशव्याही मिळतात. दोन घनमीटरच्या संचाला रोज सुमारे पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. म्हणजे चार-पाच जनावरं. चार ते सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर निघतो. एक घनमीटर गोबरगॅस जवळपास ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसइतकं काम करतो. दोन घनमीटर पूर्ण वापरले तर सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरएवढं जळण झालं. थंडीत जिवाणू सुस्तावतात आणि गॅस कमी येतो, म्हणून संच उन्हात बांधावा, झाडाखाली नव्हे. विहिरीपासून तो दूर हवा आणि स्वयंपाकघराच्या जवळ.

दोन गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही. एक, या गॅसला दाब फार कमी असतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइडही बराच असतो, म्हणून सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर ज्योत टिकत नाही. मोठ्या छिद्राचा वेगळा बर्नर लागतो. दुसरी गोष्ट नळीची. गॅसबरोबर वाफ येते, ती नळीत गार होऊन पाणी साचतं. नळीला उतार दिला नाही आणि सखल जागी पाणी काढायची सोय ठेवली नाही, तर एका सकाळी ज्योत फडफडायला लागते, मग विझते आणि घरात सगळे शेणाला दोष देतात.

आता बसायची जागा. पडवी, ओसरी, कट्टा, काहीही म्हणा. इथे हिशेब उन्हाचा आहे आणि तो सोपा आहे. लासुर्णे साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैअखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरात तोच दुपारी दक्षिणेकडे कलून ४८-४९ अंशांवर असतो. दक्षिणेला आठ फूट उंचीवर छपराची कड असेल तर डिसेंबरातल्या दुपारचं ऊन त्या कडेपासून सात फूट आत येतं. सहा फुटांची पडवी म्हणजे हिवाळ्यात पूर्ण उन्हात, आणि मे महिन्यात तिच्या जमिनीला भर दुपारचं ऊन लागतच नाही. पापड-कुरडयांच्या दिवसांत मात्र ताटं अंगणात काढावी लागतील.

पश्चिम बाजूला हेच गणित कामाचं नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य पंचवीस-सव्वीस अंशांवर असतो. आठ फुटांच्या कडेखालून ऊन सोळा फूट आत घुसतं. एवढं खोल छप्पर कोणी काढत नाही, आणि तरी पश्चिमेला पत्रा पुढे वाढवून घेणारी घरं दर उन्हाळ्यात दिसतात. तिथे वरून झाकून भागत नाही, समोरून अडवावं लागतं. विटांची जाळी, दोडक्या-घेवड्याचा मांडव किंवा जरा अंतरावर कडुनिंब. शेतातलं जुनं शेडनेट पडलेलं असेल तर ते पडद्यासारखं उभं लावा, सगळ्यांत स्वस्त पडतं. झाड भिंतीला खेटून लावू नका, काळ्या जमिनीत ते पायाजवळचा ओलावा ओढून घेतं.

काळी जमीन हा इथला खरा मालक आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया लोक मुरूम लागेपर्यंत खोल नेतात, पण कट्टा आणि चुलीची पडवी वरच्यावर बांधतात. दोन पावसाळ्यांत कट्टा घरापासून सुटतो आणि फरशीला तडा जातो. खालची दोन-तीन फूट काळी माती काढावी, थराथरानं मुरूम भरावा, पाणी मारून धुमसानं ठोकून घ्यावा आणि मगच फरशी टाकावी. कट्टा घराच्या भिंतीत गुंतवू नये. मध्ये बोटभर सांधा सोडावा, म्हणजे दोघं आपापल्या परीनं हलतील. फरशीला घराच्या बाहेरच्या दिशेनं, पाच फुटांना एक इंच, एवढा उतार पुरतो. शहाबादी घाला, पेव्हिंग ब्लॉक घाला, नाहीतर शेणानं सारवा. सारवलेलं अंगण अनवाणी पायांना सगळ्यांत बरं लागतं, पण ते दर आठवड्याला सारवण मागतं, आणि ते कोण करणार हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

छपराला साधा पत्रा घालायचा असेल तर दहा-अकरा फूट उंच घ्या आणि वरून पांढरा चुना मारा. पत्र्याखाली पाचटाचा थर दिला की गारवा येतो, हे खरं आहे. पण चुलीच्या वर तो कधीही देऊ नये. ठिणगीला निमित्त लागत नाही.

भांडी घासायच्या जागेचं पाणी रस्त्यावर सोडू नका. आधी अन्नाचे कण अडवायला एक छोटी टाकी, मग शोषखड्डा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तेव्हा खड्डाही मुरमापर्यंत न्यावा लागतो. त्याच पाण्यावर कडेला केळी, अळू, कर्दळ चांगली होते.

मग येतो आतला ओटा, ज्यापासून बहुतेक लोक सुरुवात करतात. कपाटांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. दमट कोपऱ्यात प्लायवूड फुगतं, सिंकखाली कडप्प्याचे कप्पे टिकतात, एवढं पुरे. हवेच्या वाटेबद्दल मात्र सांगायला हवं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला जमिनीलगत झरोका लागतो. गोबरगॅस किंचित हलका, त्याला वरच्या बाजूनं वाट हवी. घरात दोन्ही असतील तर दोन्ही ठिकाणी झरोके ठेवा. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा वर, आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदललेली. वर्ष नळीवरच छापलेलं असतं.

ओट्याची उंची गवंडी विचारत नाही, सवयीनं बत्तीस-तेहतीस इंच धरतो. उभं राहून हात कोपरात वाकवावा, कोपरापासून चार बोटं खाली ओट्याची पातळी यावी. उंच बाईला बत्तीस इंचांचा ओटा रोज कंबर वाकवायला लावतो, ठेंगणीला पस्तीसचा खांदे दुखवतो. सासूबाई बसून भाकरी करत असतील तर त्यांच्यासाठी बाहेर चुलीशेजारी फूट-दीड फुटाची बैठक करा, टेकायला पाठीमागे भिंत ठेवा. म्हणून ओटा भरायला घ्यायच्या आदल्या दिवशी घरात रोज स्वयंपाक कोण करतं ते विचारा आणि टेप घेऊन तिच्याच कोपराची उंची मोजा. मुलगा किंवा नवरा करत असेल तर त्याची.