पहिली प्रोग्रॅमर गाते तेव्हा…

गणितज्ञ बाईच्या आयुष्यावर ऑपेरा? होय! अमेरिकी संगीतकार कमला शंकरम आणि लेखक रॉब हँडल यांनी 'द इन्फिनिट एनर्जी ऑफ एडा लव्हलेस' रचला. एडाच्या आयुष्यात नाट्य किती ठासून भरलंय, बघाच!

● बाप कवी, आई गणितवेडी
एडा जन्मली १० डिसेंबर १८१५ रोजी. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. महिन्याभराच्या लेकीला घेऊन आईने घर सोडलं. बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही. पोरीत बापाचा लहरीपणा उतरू नये म्हणून आईने तिला गणिताला जुंपलं.

● वाफेवर उडणारा घोडा
बाराव्या वर्षी उडण्याच्या ध्यासाने तिने पक्ष्यांचे पंख अभ्यासले आणि पोटात वाफेचं इंजिन असलेल्या उडत्या घोड्याचा बेत आखला.

● गुरूंचा जन्म मदुराईचा
तिला गणित शिकवणारे ऑगस्टस डी मॉर्गन जन्मले ते आपल्याकडे, मदुराईला.

● लेखापेक्षा टिपा मोठ्या
चार्ल्स बॅबेजच्या 'अ‍ॅनालिटिकल इंजिन' या नियोजित गणनयंत्रावरचा एक फ्रेंच लेख तिने १८४३ मध्ये इंग्रजीत आणला आणि वर स्वतःच्या सात टिपा जोडल्या. त्या भरल्या लेखाच्या जवळपास तिप्पट! शेवटच्या टिपेत यंत्राकडून बर्नुली संख्या (गणितातली एक संख्यामालिका) कशा काढून घ्यायच्या, हे पायरीपायरीने मांडलंय. अनेकांच्या मते जगातला पहिला कॉम्प्युटर प्रोग्रॅम तो हाच. यंत्र मात्र कधीच पुरं झालं नाही. मूळ फ्रेंच लेख लिहिणारे मेनाब्रेआ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले.

● यंत्र संगीत रचेल!
एडा हार्प वाजवायची. सुरांमधली नाती नियमांत बसवता आली, तर हे यंत्र हवं तितकं गुंतागुंतीचं संगीत रचेल, असं तिने त्याच टिपांत लिहून ठेवलं. ११४ वर्षांनी, १९५७ मध्ये, इलिनॉय विद्यापीठातल्या संगणकाच्या मदतीने चार तंतुवाद्यांसाठी 'इलिअ‍ॅक सूट' तयार झाला.

● सतार, ऑपेरा आणि बॉलिवूड
कमला शंकरम स्वतः सोप्रानो (उंच पट्टीच्या) गायिका आणि सतारवादक. त्यांच्या 'बॉम्बे रिकी' या बँडमध्ये ऑपेराच्या ताना आणि हिंदी सिनेसंगीत एकत्र नांदतात.

● एडा एकटी नाही
न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणणाऱ्या एमिली द्यु शातलेवर काइया सारिआहो यांनी 'एमिली' हा ऑपेरा रचला. २०१० मध्ये लिऑनला तो रंगला; अख्खा ऑपेरा एकच गायिका पेलते.

ऑपेराच्या नायिका आजवर बहुतेक प्रेमापायी झुरल्या, मेल्या. या दोघी रंगमंचावर येतात त्या बुद्धीच्या बळावर. अशा नायिका आणखी हव्यात!